साबुदाण्याचा शेजारी

“आरोपीला हजर करा,” तन्वीर म्हणाला आणि मी पडद्यावर साबुदाणा आणला.

काळ्या पडद्याच्या मधोमध एक पांढुरका ठिपका. मध्ये फुगीर, कडेला विरत गेलेला. माझ्या लॅपटॉपवर तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा सासूबाई पदराचं टोक ओलं करून पुसायला धावल्या होत्या. “अगं, उपासाचा दाणा उडून चिकटलाय बघ.” तेव्हापासून त्या दीर्घिकेचं नाव साबुदाणा. खरं नाव म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ होती आणि ती आमच्या गटात कुणालाच पाठ नव्हती. मलाही नाही.

सेमिनारच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. टेबलाच्या टोकाला माझ्या गाईड, गर्गे मॅडम. त्यांच्यासमोर चहाचा मग, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. माझ्यासमोर तन्वीर मुजावर. हा मूळचा मिरजेचा, पीएच.डी. उरकून गटातच राहिलेला, आणि संस्थेत सगळ्यात तोंडाळ. बाहेर व्हरांड्यात सासूबाई रेणूला कडेवर घेऊन येरझारा घालत होत्या. रेणू तेव्हा सात महिन्यांची होती. बाटली तोंडाला लावली की मान अशी फिरवायची, जसं काही आपण तिचा अपमानच केलाय. त्यामुळे मी जिथं, तिथं ती, आणि ती जिथं, तिथं सासूबाई.

गर्गे मॅडमच्या गटात पक्षांतराला बंदी नव्हती, सक्ती होती. कुणाचाही पेपर बाहेर जाण्याआधी एक बैठक व्हायची. ज्याचं काम त्यानं त्या कामाच्या विरुद्ध उभं राहायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याची वकिली करायची. मॅडमचं म्हणणं असं, की बाहेरचा माणूस मारेल तो वरवर मारेल; दुखरी जागा फक्त आपल्याला ठाऊक असते. नियम एवढाच की लुटुपुटुची मारामारी चालणार नाही.

म्हणून त्या दिवशी तन्वीर साबुदाण्याचा वकील होता आणि मी, जिनं चार वर्षं त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं, ती त्याच्यावर खटला भरून बसले होते.

खटला कशाचा, ते सांगते. विश्व अगदी तरुण होतं तेव्हा सगळीकडे हायड्रोजनचं धुकं भरलेलं होतं. ते पुढं फाटलं. कुणी फाडलं? संशय आहे तो तेव्हाच्या कोवळ्या दीर्घिकांवर. त्यांच्यात धडाधड तारे जन्मत होते आणि त्यातले तापट तारे असा प्रखर अतिनील प्रकाश फेकतात की तो हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उपटून काढतो. पण अडचण अशी की हा प्रकाश ज्या घरात जन्मतो त्या घरातलाच वायू त्याला गिळून टाकतो. मग धुकं फाडायला बाहेर पडतो तरी किती? शंभरातले दोन? दहा? हे मोजणं हेच आमचं काम. धुक्याच्या काळातल्या दीर्घिकांचा हा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून आम्ही त्यांच्या थोड्या अलीकडच्या नातेवाइकांकडे बघतो. साबुदाणा त्यांतला एक. त्याचा प्रकाश निघाला त्याला अकराशे कोटी वर्षांहून जास्त काळ लोटलेला.

बहुतेकांच्या बाबतीत काहीच हाती लागत नाही. साबुदाण्याचा आकडा आला होता पस्तीस. शंभरातले पस्तीस बाहेर.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या पस्तीसवर उभं होतं. मुदत संपत आली होती. बाळंतपणापायी वाढवून घेतलेली मुदतसुद्धा. माझा नवरा ऋत्विज नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात. दिवाळीत आम्ही ठरवलं होतं, की हे प्रकरण उभं राहिलं तर ठीक, नाही राहिलं तर मी गाशा गुंडाळून नाशिकला यायचं. ऋत्विजचे जुने शिक्षक, खानापूरकर सर, तिथल्या एका कॉलेजात प्राचार्य होते, त्यांच्याकडे शिकवायचं. भांडून नाही ठरवलं. रेणू मध्ये झोपलेली, तिच्या अंगावरून एकमेकांचा हात धरून कुजबुजत ठरवलं. आणि सुचवलं मीच होतं.

“चला, फिर्यादीबाई,” मॅडम मला म्हणाल्या. “सुरू करा.”

मी सोप्यापासून सुरुवात केली. कॅमेऱ्याचा गोंगाट असेल. तन्वीरनं तो खोडला. फिल्टरच्या गाळणीतून नको त्या रंगाचा उजेड चुकून आत आला असेल. तोही खोडला. दोन फोटो एकमेकांवर नीट बसवले नसतील.

“बसवलेत,” तन्वीर म्हणाला. “तूच बसवलेत की! आठवा महिना चालू होता तुझा, पोटावर कीबोर्ड ठेवून बसवत होतीस. साक्षीदार मी हाय.”

“जुई,” मॅडम म्हणाल्या, “तू नुसती गुदगुल्या करतेयस त्याला.”

बाहेरून रेणूचा आवाज आला. रडका नव्हता, नुसताच ‘मी इथं आहे’ असा. माझं अंग आपोआप दाराकडे वळलं, मग परत पडद्याकडे. दुखरी जागा मला खरोखरच ठाऊक होती.

“तो मध्यावर नाही,” मी म्हणाले.

“कोण?”

“अतिनील उजेड. दीर्घिकेचा मध्य इथं आहे, आणि बाहेर पडणारा उजेड इथं, जरा उजवीकडे.”

“ते पेपरात लिहिलंय,” तन्वीर म्हणाला. “वायूच्या भिंतीला त्या बाजूला भोक पडलं असणार, उजेड तिथनं निसटतोय. लोकांना आवडतं असलं.”

“किंवा तिथं दुसरंच कुणीतरी आहे. साबुदाण्याच्या आणि आपल्या वाटेत, पुष्कळ अलीकडे. एखादी लहानशी दीर्घिका. तिचा साधा उजेड आपण साबुदाण्याचा चोरटा उजेड म्हणून मोजतोय.”

“असं कुणीही कुणाबद्दलही म्हणेल. पुरावा?”

पुरावा नाही, असं म्हणून मी खाली बसू शकले असते. पण लुटुपुटुची मारामारी चालणार नव्हती. मी साबुदाण्याचा वर्णपट उघडला. त्याच्या उजेडाचे रंग सोलून, ओळीत मांडून ठेवलेली लांब पट्टी. तांबड्या टोकाशी गेले.

रात्रीचं आकाश काळं दिसतं, पण ते काळं नसतं. आपली हवा स्वतःच मंद उजळत असते, आणि तांबड्या भागात तिच्या रेघा खिडकीच्या गजांसारख्या उभ्या असतात. आम्ही त्या वजा करतो. वजाबाकी कितीही नीट केली तरी दाढीनंतर राहतात तसे खुंट राहतातच. ते केर म्हणून सोडून द्यायचे, ही आमच्या धंद्यातली रीत. मी सोडले होते, तन्वीरनं पाहून सोडले होते, मॅडमनी सोडले होते. पण आज मी फिर्यादीच्या बाजूला होते, आणि त्या बाजूच्या माणसाला केरसुद्धा चाळावा लागतो.

“हा खुंट बघ,” मी म्हणाले.

“कचरा.”

“वजाबाकीच्या खुंटाला एक टोक वर असतं, एक खाली. याची दोन्ही टोकं वर आहेत. शेजारी शेजारी, जोडीनं.”

तन्वीर वाकला. चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावलं.

“आयला,” तो म्हणाला. वकिलाच्या आवाजात नाही, स्वतःच्या.

“ऑक्सिजनची जोडी,” मॅडमनी चहाचा मग खाली ठेवला. “बोल पुढं. थांबू नकोस.”

“ऑक्सिजन असेल तर ती दीर्घिका साबुदाण्याच्या खूपच अलीकडे आहे. सातशे कोटी वर्षांच्या आसपास. मग...” मी बोट त्या जोडीवर ठेवलं. “मग तो उजेड तिचाच.”

“पस्तीसमधला किती?”

“पस्तीसच्या पस्तीस.”

तन्वीर माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी भर बाजारात स्वतःच्या मुलाला थप्पड मारली होती.

“जो मोडतो त्यानंच कसोटी सांगायची,” मॅडम म्हणाल्या. हाही नियमच.

कसोटी मी सांगितली. ती जोडी खरंच ऑक्सिजनची असेल, तर त्या शेजाऱ्याच्या हायड्रोजनची एक रेघ अवरक्त भागात ठरलेल्या जागी सापडलीच पाहिजे. बेंगळुरूच्या एका गटानं आकाशाच्या त्याच तुकड्याचा अवरक्त वर्णपट स्वतःच्या कामासाठी घेऊन ठेवला होता. त्यांना विचारायचं.

“मी लिहिते त्यांना,” मॅडम म्हणाल्या आणि उठल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानं मला धीर यायचा तो अधिकच पळाला.

संस्थेच्या आवारातल्या आमच्या क्वार्टरकडे जाताना सासूबाईंनी विचारलं, “जिंकलीस का गं?”

“जिंकले, आई. म्हणजे हरले.”

सगळं सांगितलं. त्यांनी रेणूचं टोपरं सारखं केलं. “म्हणजे तुझ्याच लेकराच्या मुळावर तूच उठलीस?”

“तसा नियम आहे.”

“मेला तुमचा नियम,” त्या म्हणाल्या. थोडं चालून गेल्यावर विचारलं, “ऋत्विजला सांगायचं?”

“एवढ्यात नको. अजून काही नक्की नाही.”

रेणूला पाजायला घेतलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला हलकं वाटतंय. उगाच नाही, खरंच हलकं. आता सगळं बेंगळुरूहून येणार होतं. रेघ असेल तर साबुदाणा गेला, प्रकरण गेलं, मी नाशिकला. आपण काही ठरवायला नको. रेणूनं पिता पिता माझं बोट मुठीत धरलं होतं आणि एक डोळा उघडा ठेवून माझ्यावर नजर ठेवली होती. त्या हलकेपणाची मला भीती वाटली.

उत्तर आलं ते आठवडा संपता संपता, भर दुपारी. मी रेणूला मऊ भात भरवत होते. म्हणजे मी तिच्या तोंडात घालत होते आणि ती तो माझ्या कुर्त्याला लावत होती. दारात तन्वीर, बगलेत लॅपटॉप.

“काकू, चहा टाका,” तो सासूबाईंना म्हणाला. “तुमच्या साबुदाण्याचं बारसं तरी हाय, नाहीतर तेरावं.”

“शुभ बोल रे मेल्या,” त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, पण पातेलं चढवल्याचा आवाज आला.

“तू बघितलंस?” मी विचारलं.

“नाही. मॅडमचा हुकूम. मोडणारीनं आधी बघायचं.”

हात धुवायचं भानही राहिलं नाही. भाताच्याच बोटांनी फाईल उघडली. रेघ कुठं असायला हवी ती जागा मी आधीच काढून ठेवली होती. तिथं गेले.

रेघ होती. अंधूक वगैरे नाही, ठसठशीत. आपण बोलावलेलं माणूस सांगितलेल्या जागी येऊन उभं राहावं, तशी.

“शेजारी निघाला,” तन्वीर हळूच म्हणाला.

सासूबाई चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या. तन्वीरनं लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. “मॅडमला मी सांगतो. तू नको. तू आज काहीच करू नको, जुई. पोरीला भरव.”

त्यानं हे इतक्या मायेनं म्हटलं की मी ऐकायचीच. पण माझा हात पुढं गेला आणि मी झाकण परत उघडलं.

“शेजाऱ्याचा उजेड किती?”

“सगळा. पस्तीसच्या पस्तीस. तूच म्हणालीस.”

“म्हणाले. तोंडाला आलं ते बोलले. मोजलं कुठं?”

“जुई...”

“मोजलं कुणी, सांग की! मी नाही, तू नाही. शेजारी आहे एवढंच कळलंय. तो किती उजळतो ते त्याच्या बाकीच्या रंगांवरून काढता येईल. तेवढा वजा करू. मग बघू तिथं काय उरतं.”

“काहीच उरणार नाही.”

“मग तसं लिहू.”

तन्वीरनं एक घोट चहा घेतला. “काकू, तुमची सून लई चिवट हाय.”

“माहितीये मला,” सासूबाई म्हणाल्या. “बाळंतपणात डॉक्टरीणबाईसुद्धा हेच म्हणाल्या.”

आम्ही बसलो. रेणू माझ्या मांडीवर, तन्वीर कीबोर्डवर, मी सांगायची आणि तो लिहायचा. मध्येच रेणूनं हात आपटला आणि सगळा कोड एका अक्षरानं भरून टाकला. तन्वीर म्हणाला, ही पण फिर्यादीच्याच बाजूची दिसतेय. मी तिला ओढणीआड घेतलं आणि तशीच पुढचं सांगत राहिले. निळ्या रंगात शेजारी एवढा, हिरव्यात एवढा, तांबड्यात एवढा. त्यावरून त्याचा आकार, त्याचं तेज. मग तो अतिनील फोटोतून उचलायचा, अलगद, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढावा तसा.

तन्वीरनं शेवटची कळ दाबली. उजवीकडचा डाग गेला. स्वच्छ गेला.

आणि मध्यावर, साबुदाण्याच्या नेमक्या मध्यावर, काहीतरी राहिलं होतं.

तन्वीरनं ते चित्र मोठं करून बघितलं.

“खुंट असेल,” तन्वीर म्हणाला.

“असेल. दुसऱ्या आकारानं वजा करून बघ.”

बघितलं. राहिलं. आकार लांबट करून बघितलं, गोल करून बघितलं. तिथं तिसरा कुणी उभा आहे का, म्हणून दोन्ही वर्णपट इंच-इंच चाळले. केरही चाळला, कारण आता सवय लागली होती. कुणी नव्हता. तो उजेड साबुदाण्याचाच होता.

“किती?” मी विचारलं. मला दिसत होतं, तरी विचारलं.

“सहा,” तन्वीर म्हणाला. “शंभरातले सहा. एखाददुसरा इकडं तिकडं.”

मला हसू आलं की रडू, आता नीट आठवत नाही. एवढं आठवतं की पाठीचा कणा, जो कितीतरी महिन्यांपासून ताठ होता, तो सैल झाला. पस्तीस हा आकडा मी कडेवर घेऊन फिरत होते; कुणाचा धक्का लागेल, तो हातातून पडेल, या धास्तीत. सहाला उचलून घ्यायला लागत नव्हतं. तो आपल्या पायांवर उभा होता.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“लहान आहे, मॅडम,” मी म्हणाले.

“पस्तीस मी पुष्कळ पाहिलेत, जुई. पुढं त्यांना शेजारी सापडतात. शेजारी वजा करून उरलेला सहा मी अजून पाहिलेला नाही. सोमवारी परत बैठक. आता बाजू बदला. तन्वीर मारेल, तू सांभाळ.”

सोमवारी तन्वीरनं दुपार होईपर्यंत सहाला झोडपलं. अगदी मनापासून, घाम येईस्तोवर. सहा पडला नाही. पण ते पुढचं. ऋत्विजला फोन मी सहा निघाला त्याच दुपारी केला, तन्वीर गेल्या गेल्या, चहाचे कपही तसेच होते. पलंगापाशी उभी राहून नंबर लावला. त्याच्या मागं कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

“पस्तीसचं सहा झालं,” मी म्हणाले.

मग दार लोटल्याचा आवाज आला आणि शांत झालं; तो बाहेर आला असावा.

“म्हणजे मोडलं?”

“पस्तीस मोडलं. मीच मोडलं. सहा आहे.”

“सहावर प्रबंध होतो?”

“मॅडमना वाटतं, होतो.”

“आणि तुला?”

मी हिशेब मांडणार होते: मुदत किती, काम किती, रेणूचे पुढचे महिने कसे काढायचे. सगळं तोंडाशी तयार होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“ऋत्विज, शून्य आलं असतं ना, तरी मी आले नसते.”

हे मला बोलल्यावर कळलं. त्याआधी माहीत नव्हतं. रेणू पलंगावर पालथी पडून उशीचा कोपरा चघळत होती आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता तो म्हणेल, दिवाळीत आपलं काय ठरलं होतं.

“ठरवलं मीच होतं,” मी घाईघाईनं म्हणाले. “आता मोडतेय तेही मीच. तुझ्या खानापूरकर सरांना वाईट वाटेल, पण...”

“सरांना मी विचारलंच नव्हतं.”

“काय?”

“कॉलेजातल्या जागेचं. तू दर रविवारी फोनवर विचारायचीस, सरांशी बोललास का. मी म्हणायचो, सर गावाला गेलेत.” त्याच्या आवाजात हसू होतं, आणि दुसरंही काहीतरी. “सर कुठंही गेले नव्हते. रोज सकाळी फिरायला जाताना भेटतात मला.”

“मग विचारलं का नाहीस?”

“ते हो म्हणाले असते, जुई. आणि तू सगळं सोडून आली असतीस.”

मी पलंगावर बसले. रेणूनं उशी सोडली, सरपटत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या हातातला फोन चाटायला लागली. पलीकडून ऋत्विज ‘हॅलो, हॅलो’ करत होता. मी तिला चाटू दिलं.